सुरुवात चुकवून पाहिलेले सिनेमे

४ मार्च, रविवार

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या मुंगीचा खोकला गेला, माझा गुडघा जागच्या जागी आहे आणि इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद आहे. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाने जिने चढावेत याची इमारतीतल्या लोकांना फार गंमत वाटते. 'काका, तुम्हीच बघा की जरा,' म्हणतात. मी म्हणतो, निवृत्त न्हाव्याने दिसेल त्याची हजामत करत सुटायचं का?

तू लिहिलंयस, 'फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता बाबा, उत्तर लिहून पाठवा.' म्हणून आधीच सांगून टाकतो, त्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही. म्हणजे तू शेवटची ओळ आधी वाचायला जाणार नाहीस. ट्रेनिंगला निघताना तू दारात बॅग खाली ठेवलीस आणि विचारलंस, 'मी यांच्याशी लग्न करू का? तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला, मी परत काढणार नाही.' खाली टॅक्सी उभी असताना असा प्रश्न विचारतात का गं? मी म्हणालो, 'डबा घेतलास का?' तू गेलीस. मी मात्र अजून त्या डब्यापाशीच उभा आहे.

तेव्हा आज सिनेमाचं लिहितो.

आजचा सिनेमा उडणाऱ्या माणसाचा होता. मुंगी खूश. मला या लोकांबद्दल काही शंका आहेत, त्या तुला सांगतो, कारण मुंगी मला बोलू देत नाही. पहिली शंका मुखवट्याची. हा गृहस्थ डोळ्यांवर चार बोटं रुंदीची पट्टी बांधतो आणि त्याला प्रत्यक्ष बायको ओळखत नाही. नाक तेच, हनुवटी तीच, आवाज तोच. मी खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून ओळखतो. मुंगीला हे म्हटलं तर ती म्हणाली, 'आजोबा, ओळखतात हो सगळे. बोलत नाहीत. त्याला वाईट वाटेल ना.'

दुसरी शंका लिफ्टची. या सिनेमांत लिफ्टचा दोर तुटतो आणि लिफ्ट दगडासारखी खाली येते, मग हा उडत जाऊन ती झेलतो. अगं, दोर एक नसतो, बरेच असतात. आणि सगळे तुटले तरी लिफ्टच्या खाली लोखंडी जबडे असतात, ते रुळांना धरतात. लिफ्ट एक हिसका देते आणि थांबते. आतली माणसं घाबरून एकमेकांना मिठ्या मारतात आणि बाहेर आल्यावर आम्हाला शिव्या देतात. एवढंच होतं. मी हे जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली. मुंगी त्यांना म्हणाली, 'हे माझ्याबरोबर नाहीत, नुसते शेजारी बसलेत.'

तिसरी शंका काचांची. अर्ध्या शहराच्या खिडक्या फुटतात, गाड्या उलट्यापालट्या होतात. मग तो नायिकेला घेऊन सूर्यास्ताकडे उडतो. खालचं झाडतं कोण? मला त्या झाडणाऱ्याचा सिनेमा बघायला आवडेल. मुंगी म्हणते, तो बघायला तुम्ही एकटेच असाल.

मागच्या आठवड्यातला सिनेमा 'सहकुटुंब बघावा असा' होता. याचा अर्थ कुटुंबातल्या एकालाही पुरता आवडू नये अशी त्यात व्यवस्था असते. मुलांना त्यातली गाणी नको असतात, मोठ्यांना बोलणारं मांजर नको असतं. बाप कायम कामात, आणि शेवटी त्याला कळतं की शाळेच्या कार्यक्रमाला जायला हवं होतं. आजोबा असतातच. आजोबांना पांढरी दाढी आणि शहाणपणाचं एक वाक्य. ते वाक्य बोलून झालं की पाच मिनिटांत आजोबा जातात. मीही असं एक वाक्य तयार ठेवलंय. पण जायची तयारी नाही, म्हणून बोलत नाही.

आज नेहमीप्रमाणे सुरुवात चुकली. मुंगीच्या बुटाची नाडी सुटली, मग तिला पाणी प्यायचं होतं, मग मला पॉपकॉर्नच्या रांगेत सुट्टे सापडेनात. आत शिरलो तेव्हा नायकाला उडता यायला लागलेलं होतं. काही बिघडत नाही. सुरुवात सगळ्यांची सारखीच असते.

ज्यांच्याबद्दल दारात विचारलंस ते तुझे दातवाले बुधवारी संध्याकाळी येऊन जातील, असं लिहिलंयस. येऊ देत. घर सगळ्यांना उघडं आहे.

तब्येतीला जप. तिथल्या जेवणात तिखट जास्त असेल तर ताक मागून घे.

तुझा,
सासरा

&nbsp;

९ मार्च, शुक्रवार

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रागावलीस. 'सासरा अशी सही काय करता, सरकारी कागद आहे का?' असं म्हणालीस. कागद साधाच आहे. पण नातं काय आहे ते आत्ता लिहून ठेवलेलं बरं. पुढे त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

बरं, बुधवारचं सांगतो. दातवाले आले. तू म्हणाली होतीस तसे खरंच वेळेच्या आधी आले. मी अजून बनियनवर होतो. जिने चढून आले आणि धापा लपवत उभे राहिले. कवळ्या करणाऱ्या माणसाबद्दल मी काहीतरी वेगळीच कल्पना केली होती, हसरा, दात दाखवणारा. हे तोंड मिटून हसतात. मुंगी त्यांना 'दातकाका' म्हणते आणि ते ओ देतात.

चहा मी केला. साखर मुंगीने घातली, म्हणून ती जास्त झाली. मग ते म्हणाले, 'तुमची खालची कवळी हलते का हो?'

मी म्हणालो, 'बोलताना हलते.'

'आणि खाताना?'

'खाताना ती थांबते, मी हलतो.'

मुंगीच्या नाकातून चहा आला. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, 'पॉपकॉर्न खात नसाल तुम्ही. साल आत जाते.' तुला सांगतो, गेली कितीतरी वर्षं मी त्या पोरीसाठी पॉपकॉर्नच्या रांगेत उभा राहतोय आणि स्वतः एक दाणा खात नाही, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. माझी तरी तशी समजूत होती. 'डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा, मी नवीन बसवून देतो,' म्हणाले. मी 'बघू' म्हणालो. एवढ्यात कवळी घेणं म्हणजे लाच घेतल्यासारखं झालं असतं.

तेवढ्यात मुंगीने घात केला. म्हणाली, 'दातकाका, रविवारी आमच्याबरोबर सिनेमाला या ना!' त्यांचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. 'तिकिटं मी काढतो. अर्धा तास आधी दारात असेन. मला सुरुवात चुकलेली चालत नाही,' म्हणाले.

आता इथे मला जरा थांबावं लागतंय. हे पत्र सकाळी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो.

आमची सुरुवात चुकते असं मी तुला सांगत आलो. ती चुकत नाही, मी चुकवतो.

मुंगीचा बाबा गेल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तू कामावर जायला लागली होतीस आणि रविवारी झोप काढायचीस, म्हणून मी मुंगीला घेऊन अस्वलाच्या पिल्लाच्या सिनेमाला गेलो. पोस्टरवर फुगे होते. पाच वर्षांची पोर मांडीवर घेऊन बसलो आणि थोड्या वेळात पिल्लाचा बाप बर्फात गेला तो आलाच नाही. मी तिला उचललं आणि 'पॉपकॉर्न घेऊ या' म्हणून बाहेर आलो. परत आत गेलो तेव्हा पिल्लू मोठं होऊन मित्रांबरोबर नाचत होतं.

मग माझ्या लक्षात आलं की सगळे असेच आहेत. उडणारे, चिकटणारे, अदृश्य होणारे, बोलणारे ससे, बोलणाऱ्या मोटारी. घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा म्हणतात आणि पहिल्या वीस मिनिटांत बाप किंवा आई मारतात. त्याशिवाय मुलांना पंखच फुटत नाहीत जणू. तेव्हापासून मी सुरुवात टाळतो. रांग लांब शोधतो, सुट्टे हरवतो, एकदा तर चुकीच्या पडद्याच्या दारात उभा राहून वाद घातला. तिची नाडी सुटते ते माझ्या पथ्यावर पडतं. घरातसुद्धा आपण त्याचं नाव काढत नाही, मग तिकडे अंधारात कशाला?

आता हे दातवाले अर्धा तास आधी येऊन उभे राहणार. आणि मुंगीने जो सिनेमा निवडलाय त्याच्या पोस्टरवर एक मुलगी दीपगृहापाशी उभी आहे, अंगात भला मोठा कोट. म्हणजे काय ते मला कळतंच.

तुला फोन करून त्यांना काहीतरी काम सांगायला लावावं, असं मनात आलं. नको, राहू दे. तुझं नाव पुढे करून मी सुटणं बरं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच अडकलंय. माणूस वाईट नाही. चांगला दिसतो. पण तू त्यांच्या घरी गेलीस की मुंगीही जाणार, तिला नवा बाबा मिळणार आणि जुन्याची सुरुवात तिच्यासाठी कायमची चुकणार. ती मीच चुकवली असं होईल. हे मला फोनवर सांगता येत नव्हतं, म्हणून हं हं करत होतो.

पाणी उकळून पी.

तुझा,
सासरा

&nbsp;

१२ मार्च, सोमवार

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

आधी हे सांगतो की सगळे ठीक आहेत. हसतोय मी. मुंगी शाळेत गेलीय, लिफ्ट सुरू झालीय (मी हात लावला नाही, कंपनीचा माणूस आला होता, त्याला दोन सूचना फक्त केल्या), आणि मी खिडकीपाशी बसून लिहितोय.

काल दातवाले म्हटल्याप्रमाणे थिएटरच्या दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात तिकिटं. मी आणि मुंगी आपल्या सवयीने रमतगमत निघालो होतो तरी वेळ भरपूर उरला होता. मला घाम फुटला. मुंगी लगेच वाकून नाडी सोडायला लागली, मी मात्र ती बांधतेय असं समजलो. मग तिला तहान लागली. मग बाथरूम. दातवाले शांतपणे म्हणाले, 'होऊ दे सगळं, वेळ आहे.'

शेवटी मी हुकमाचा पत्ता काढला. 'अरेच्चा! चष्मा घरी राहिला. तुम्ही व्हा पुढे, मी आणतो.'

'तुम्ही कुठे गुडघा घेऊन जाताय? द्या किल्ली,' म्हणाले आणि माझ्या हातातून किल्ली घेऊन रस्ता ओलांडून पळालेसुद्धा. पन्नाशीकडे झुकलेला माणूस असा पळताना मी फार दिवसांनी पाहिला. आणि काल लिफ्ट बंदच होती, हे लक्षात घे.

मी आणि मुंगी दारात उभे. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, 'आजोबा, चष्मा तुमच्या खिशात आहे.'

'हो का?'

'दांडी बाहेर दिसतेय.'

ते परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. 'टेबलावर बघितलं, उशीखाली, बाथरूममध्ये, फ्रिजवर. नाहीच मिळाला. माफ करा.' माझ्या खोटेपणाबद्दल तो माणूस माझी माफी मागत होता! मी खिशातून चष्मा काढला. मला वाटलं, आता चिडतील, आणि मनातून मला ते हवंच होतं, म्हणजे तुला 'नको' लिहायला काहीतरी कारण मिळालं असतं. त्यांनी चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, 'बरं झालं सापडला. काच पुसून देऊ का?'

एवढं करूनही सिनेमा सुरू व्हायला अवकाश होताच. आम्ही जाहिरातींपासून बसलो. मुंगी मध्ये, मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला.

गोष्ट दीपगृहावर राहणाऱ्या माणसाची आणि त्याच्या मुलीची. वादळात एक होडी अडकते. तो मुलीला आपला कोट घालतो, 'दिवा विझू देऊ नकोस' म्हणतो आणि निघतो. निघताना दारात वळून काहीतरी फालतू विचारतो, जेवलीस का वगैरे. बस. पुढे मुलीला त्या कोटाच्या जोरावर उडता येतं, समुद्र थांबवता येतो, ते सगळं नंतर. माझं लक्ष त्या रिकाम्या खुंटीवर होतं. पडद्यावर ती खुंटी फार वेळ दाखवली. आपल्या दारामागे काय लटकतंय ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. आपण दोघंही त्याच्यावरूनच छत्री अडकवतो.

मी मुंगीला उचलायला हात पुढे केला. ती आता नऊ वर्षांची आहे, उचलली जात नाही. आणि मग काय झालं कळेना, मलाच हुंदका आला. साधासुधा नाही, लिफ्टने हिसका द्यावा तसा, सगळ्या अंगातून.

मुंगी कानाशी म्हणाली, 'आजोबा, रडताय?'

'पॉपकॉर्न अडकला.'

'तुम्ही कधी खाता पॉपकॉर्न?'

तिकडून दातवाले वाकून हळूच म्हणाले, 'मी पाणी आणायला बाहेर जातोय. येताय का माझ्याबरोबर?' बघ, मी चार वर्षं केलं तेच हा माणूस माझ्यासाठी करत होता.

पण मुंगीने दोघांच्या मनगटांना धरलं. 'कुणी उठायचं नाही. मागच्यांना दिसत नाही.' मग माझ्या कानात, 'मला माहीत होतं यात बाबा मरतो. पोस्टरवरूनच कळतं. पोस्टरवर मुलांच्या अंगावर मोठ्यांची वस्तू असली की तो मरतो.'

'मग आपण उशिरा का येत होतो गं?'

'तुमच्यासाठी. तुम्हाला सहन होत नाही ना. म्हणून मी नाडी सोडायचे.'

आता सांग. मी रांगेत उभा राहून सुट्टे हरवत होतो तिच्यासाठी आणि ती खाली वाकून नाड्या सोडत होती माझ्यासाठी. दोघंही इतके पक्के की एकदाही एकमेकांच्या आड आलो नाही. मुखवट्यामागचा माणूस ओळखतात सगळे, बोलत नाहीत, हे तिने मला सांगितलंही होतं. मी त्यावर हसलो होतो.

उरलेला सिनेमा चांगला होता. मुलगी समुद्रावरून उडाली तेव्हा तिने केस बांधायला हवे होते, एवढी एक सूचना. मी पॉपकॉर्नचे दोन दाणे खाल्ले. साल गेलीच आत.

बाहेर आलो तर त्या गर्दीत, पोस्टरपाशी, दातवाले मला म्हणाले, 'एक विचारू का? ते कसे होते?'

मला आधी वाटलं दीपगृहवाल्याबद्दल विचारतायत. मग मुंगीकडे बघून कळलं. तुला सांगतो, तो गेल्यापासून लोक मला विचारत आलेत की मी कसा आहे, तू कशी आहेस, मुंगी कशी आहे. तो कसा होता हे एकानेही विचारलेलं नाही. जणू गेलेल्या माणसाला स्वभाव नसतो.

मी म्हणालो, 'झोपाळू.' तोंडातून तेच आलं. मग थांबेनाच. म्हणालो, तो सिनेमावेडा होता आणि थिएटरातले दिवे मालवले की पाचव्या मिनिटाला झोपायचा. मध्यंतराला उठायचा, समोसा खायचा, परत झोपायचा. आणि बाहेर आल्यावर आपल्यालाच गोष्ट सांगायचा, तीही पडद्यावरच्यापेक्षा चांगली! तुला आठवतं ना? लग्नाआधी तू त्याच्याबरोबर पहिल्यांदा सिनेमाला गेलीस आणि घरी येऊन आईला म्हणालीस की मुलगा फार सभ्य आहे, अडीच तासांत एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही. झोपला होता तो.

मुंगी जमिनीवर बसून हसत होती. 'खरंच? बाबा? आणि?' तिला सगळं नवीन होतं गं. आपण तिला फोटो दाखवले, पण असला बाबा कधी दाखवलाच नाही.

दातवाल्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि फार महत्त्वाचं असल्यासारखं विचारलं, 'घोरायचे का?'

या प्रश्नावर मी त्यांना पास केलं.

कारण ज्याला आपली जागा करायची असते तो असं विचारत नाही. तो म्हणतो, झालं गेलं विसरा, पुढचं बघा. यांना मागचं हवं होतं, घोरण्यासकट. मुंगीची सुरुवात चुकवणारा माणूस हा नव्हे. ते काम मीच करत होतो, चांगल्या मनाने का असेना. काल संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि 'आणखी सांगा' म्हणाली. मी सांगत राहिलो. मधेच ती म्हणाली, 'दातकाकांनापण बोलवायला हवं होतं, त्यांनी अर्धंच ऐकलंय.'

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. लग्न कर. 'तुझी मर्जी' असं मी म्हणत नाहीये, ते पळवाटेचं हो असतं. मला हवंय म्हणून सांगतोय.

घराचंही त्यांनी चालता चालता काढलं. मला म्हणाले, 'आमच्याकडे तुमच्या खोलीला पूर्वेची खिडकी चालेल का?' म्हणजे खोली ठरलेली होती, प्रश्न फक्त खिडकीचा होता. मी म्हणालो, 'बघू.' त्यांच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर कुरकुरते म्हणे. ऐकायला एकदा जाईन. माझ्या 'बघू'चा अर्थ तू त्यांना इतक्यात सांगू नकोस, थोडे दिवस तंगू देत. कवळीला मात्र मी होकार दिलाय.

एक काम आपण दोघांनी मिळून करायचं. तू आलीस की दारामागचा त्याचा तो कोट खाली काढायचा, झटकायचा आणि मुंगीला द्यायचा. तिला घोट्यापर्यंत येईल. येऊ दे.

आणि सहीचं. मागच्या लग्नात मी मुलाकडचा होतो. खुर्चीत बसून राहिलो, सरबत गार नाही म्हणून तोंड वाकडं केलं, आणि तुझे वडील नाहीत म्हणून तुझे मामा एकटे इकडून तिकडे धावत होते ते नुसतं बघत राहिलो. या खेपेला मी बसणार नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या मी मांडणार, जावयाकडच्यांना सरबत मी देणार, आणि ते गार असेल. ते लोक वेळेच्या अर्धा तास आधी येणार हे गृहीत धरून आपण एक तास आधी जायचं. सुरुवात चुकता कामा नये.

तिखटाचं सांभाळ. लवकर ये.

तुझा,
मुलीकडचा,
बाबा